दात सुन्न करायच्या सुईसाठी उपाशी येऊ नका

दाढ काढायची किंवा रूट कॅनॉल करायचं म्हटलं की आमच्याकडचे बरेच पेशंट सकाळपासून उपाशी येतात. चोपडा, यावल, धरणगावकडून पहिली एसटी धरून यायचं, चहासुद्धा घ्यायचा नाही, आणि खुर्चीत बसल्यावर सांगायचं, "डॉक्टर, काहीच खादं नही." मग आम्ही आधी जेवून यायला सांगतो. लांबून आलेल्या माणसाला त्याचा राग येतो, तो आम्हाला समजतो. पण त्याच्याच भल्यासाठी आम्ही थांबवतो.

दात सुन्न करायच्या सुईत लिग्नोकेन असतं. ते तेवढ्याच जागेची नस काही वेळ बंद करतं. पेशंट पूर्ण जागा असतो, बोलतो, गिळतो, खोकतो. उपाशी राहावं लागतं ते पूर्ण बेशुद्ध करताना किंवा शिरेतून झोपेचं औषध देताना, कारण तेव्हा पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. घरात कुणाचं ऑपरेशन झालेलं असतं, तिथला नियम लोक इथेही पाळतात.

उपाशीपोटी होतं काय? रात्रभर दाढ ठणकलेली, झोप नाही, मनात सुईची भीती, त्यात मे महिन्याचं आपल्याकडचं ऊन. सुई दिसली की पेशंट जांभया देऊ लागतो, कपाळावर घाम येतो, ओठ पांढरे पडतात आणि चक्कर येते. आम्ही खुर्ची आडवी करून पाय वर घेतो, थोड्या वेळात पेशंट सावरतो. पण त्या दिवशीचं काम बहुधा राहतं आणि बाहेर बसलेल्यांचाही खोळंबा होतो. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन न खाता आलात तर शुगर एकदम खाली जाऊ शकते, ते खरंच धोक्याचं आहे.

अशी चक्कर आली की "मला सुईची रिअ‍ॅक्शन येते" असं लोक वर्षानुवर्षं सांगत राहतात. लिग्नोकेनची खरी अ‍ॅलर्जी फार कमी आढळते. सुईतल्या अ‍ॅड्रेनालिनमुळे क्षणभर छातीत धडधडतं, तेही अ‍ॅलर्जी नव्हे. तरी पूर्वी काही त्रास झाला असेल तर आधी सांगाच.

म्हणून तास-दीड तास आधी वरण-भात, पोळी-भाजी, कळण्याची भाकरी, जे रोजचं असेल ते खाऊन या. एकादशी किंवा चतुर्थी असेल तर केळी, दूध, भगर चालेल. खालची दाढ सुन्न केली की ओठ-जीभ दोन ते चार तास जड राहतात, तोवर नीट चावता येत नाही, त्यामुळेही आधी खाल्लेलं बरं. लहान मुलं सुन्न ओठ चावून घेतात, घरी गेल्यावर लक्ष ठेवा.

बीपीची गोळी चुकवू नका. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नका, आम्ही तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवतो. दुखऱ्या दाढेत मिसरी दाबणं किंवा अ‍ॅस्पिरिन कुटून हिरडीवर ठेवणंही टाळा. गोळीने हिरडी भाजते आणि दुखणं तसंच राहतं.

गाल सुजून पू झालेला असेल तर तिथे सुई नीट लागत नाही. म्हणून कधी आधी पू काढतो, गरज असेल तर औषध देतो आणि दोन-तीन दिवसांनी बोलावतो. फेरी वाढवण्यासाठी आम्ही हे करत नाही. न सुन्न झालेली दाढ ओढणं आम्हाला पटत नाही.

आम्ही आधी जेल लावतो, मग बारीक सुईने सावकाश औषध सोडतो, आणि दाढ सुन्न झाल्याची खात्री करूनच हात लावतो. सुई प्रत्येकाला नवी असते. तिचे वेगळे पैसे लागत नाहीत.

फार घाबरणारी मुलं किंवा अवघड अक्कलदाढ यांसाठी भूलतज्ज्ञ बोलावून झोपेचं औषध देण्याचीही सोय आहे. उपाशी यायचं ते फक्त तेव्हाच: सहा तास आधी जेवण बंद, दोन तास आधी पाणीही बंद. सोबत मोठं माणूस हवं, आणि त्या दिवशी मोटरसायकल चालवायची नाही. या वेळा आम्ही कागदावर लिहून देतो. तसा कागद मिळाला नसेल तर जेवूनच या.

येताना चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. नावं पाठ नसली तरी चालेल.