मागे इंजिन, पुढे बीड

पोर्शेची पहिली ९११ ही स्पोर्ट्स कार आणि आजची ९११ शेजारी उभ्या केल्या, की आधी डोळ्यात भरतो तो अंगाचा फरक. जुनी १.६१ मीटर रुंद, म्हणजे आपल्या वॅगन-आरपेक्षाही केसभर अरुंद. २०१८ मध्ये आलेल्या ९९२ पिढीतली करेरा, म्हणजे ९११ ची मूळ आवृत्ती, १.८५ मीटर. छताची उतरती रेघ मात्र तीच, गोल दिवे तेच, आणि इंजिनही तिथेच, मागच्या चाकांच्याही मागे. सगळं रामायण घडलं ते या इंजिनाच्या जागेमुळे.

सप्टेंबर १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात गाडी आली ती ९०१ नावाने. मधे शून्य असलेले तीन आकडी क्रमांक फ्रान्समध्ये आमचे, असं प्यूजो या फ्रेंच कार कंपनीने म्हटलं आणि शून्याचा एक झाला. इंजिन १,९९१ सीसीचं, सहा सिलिंडरचं, हवेने थंड होणारं. ताकद १३० अश्वशक्ती, गाडीचं वजन साधारण १,०८० किलो. भर वळणात घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचललात, की मागचं धूड पुढे यायला बघायचं आणि गाडी गर्रकन फिरायची. यावर सुरुवातीच्या काळात काढलेला तोडगा ऐकून आजही हसू येतं: पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांना आतून बिडाचे ठोकळे, प्रत्येकी सुमारे ११ किलोचे. स्पोर्ट्स कारमध्ये मुद्दाम घातलेलं ओझं! १९६९ च्या मॉडेलपासून मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे सरकली आणि नाकाशी दोन्ही बाजूंना एकेक बॅटरी बसली. ठोकळे गेले, पण कल्पना तीच.

१९७५ च्या टर्बोने २६० अश्वशक्ती दिली, तीही ॲक्सिलरेटर दाबल्यावर उशिरा आणि एकदम. वळणातून बाहेर पडताना असा धक्का मागून बसणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

१९९७ च्या ९९६ पिढीपासून इंजिन पाण्याने थंड होऊ लागलं. धुराचे आणि आवाजाचे नियम कडक होत होते, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह द्यायचे होते. नुसत्या हवेवर ते भागेना. जुन्या भक्तांनी त्याचा शोक केला. तळलेल्या अंड्यासारख्या दिव्यांबद्दलची त्यांची तक्रार मला पटते, पाण्याबद्दलची नाही.

९९२ ची साधी करेरा सुरुवातीला ३८५ अश्वशक्तीची, वजन दीड टनाच्या घरात. शून्यापासून शंभरला जुनीला ९.१ सेकंद लागत, हिला ४.२. पण घड्याळ लावून ही तुलना करण्यात फारशी मजा नाही. मजा आहे ती पुढच्या चाकांच्या कमानींमध्ये. तिथले सेन्सर रस्त्यावरून उडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकतात, आणि रस्ता ओला आहे, वेट मोड लावा, असं चालकाला सुचवतात. एके काळी बिडाचे ठोकळे जे काम करत, त्याच घराण्यातलं हे काम.

चावी (९९२ मध्ये पिळायचा खटका) स्टिअरिंगच्या डाव्या हाताला, मधोमध काट्याचा आरपीएम मीटर, या खुणा ९९२ पर्यंत टिकल्या होत्या. २०२४ च्या सुधारित गाडीत काटा जाऊन पूर्ण स्क्रीन आला. पिळून चालू करायचा खटकाही गेला, त्या जागी बटण आलं. आहे ते डावीकडेच.