तापीचं खोरं भरलं, बैकाल का भरलं नाही?

तापीच्या खोऱ्यात, जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडे बोअर चालू दिसला की मी थांबतो आणि वर येणारा गाळ हातात घेऊन बघतो. आधी काळी माती, मग पिवळी चिकट माती, मग वाळू, मग सातपुड्यातून वाहत आलेले गुळगुळीत गोटे आणि पुन्हा पिवळी माती. शेकडो फूट गेलं तरी काळा पाषाण लागत नाही. तिकडे धुळे जिल्ह्यात साक्रीकडे विहीर खणायला घ्या, थोड्याच फुटांवर सुरुंग लावावा लागतो.

याचं कारण असं की तापीचं खोरं नुसतं नदीने कोरलेलं नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी जमीन भेगांवरून खाली खचली आणि त्या खोलगट पट्ट्यात नदी शिरली, असं भूवैज्ञानिक मानतात. गोदावरी-कृष्णा पूर्वेला जातात आणि तापी पश्चिमेला, ते यामुळेच. चोपडा तालुक्यातल्या उनपदेवला गोमुखातून पडणारं कढत पाणीही अशा खोल भेगांमधूनच वर येतं.

खचदरी सैबेरियातही आहे, फक्त ती पाण्याने भरलेली आहे. ते बैकाल सरोवर, जगातलं सर्वांत खोल. लांबी ६३६ किलोमीटर, खोली १,६४२ मीटर. कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची उंची १,६४६ मीटर. म्हणजे तेवढा डोंगर त्यात उभा केला तर माथा जेमतेम चार मीटर वर राहील! पृथ्वीच्या पृष्ठभागावरच्या न गोठलेल्या गोड्या पाण्यापैकी सुमारे पाचवा हिस्सा या एका सरोवरात आहे.

तीनशेहून जास्त नद्या त्यात गाळ आणतात, बाहेर पडते ती एकटी अंगारा. साधं तळं काही हजार वर्षांत बुजून जातं. बैकाल अडीच कोटी वर्षांचं आहे, तळाशी सुमारे सात किलोमीटर जाडीचा गाळ साठलाय, तरी ते भरत नाही. कारण तिथलं पृथ्वीचं कवच अजून दोन्हीकडे ताणलं जातंय आणि गाळ साचतो त्याहून वेगाने तळ खचतोय. जानेवारी १८६२ मध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा सेलेंगा नदीच्या मुखाजवळची सुमारे २०० चौरस किलोमीटर जमीन खाली गेली आणि सरोवराचं पाणी आत शिरलं. त्या जागी आज उपसागर आहे, त्याचं नावच प्रोवाल, म्हणजे खचलेली जागा.

आपल्याकडे खचण्यापेक्षा गाळ जास्त आला, म्हणून सरोवर उरलं नाही. पण पाणी आहे. पायथ्याच्या गोट्या-वाळूत पावसाळ्यात नाल्यांचं पाणी मुरतं, फटीफटींत साठतं, आणि त्याच पाण्यावर इथली केळी उभी आहे. फक्त आता मोटार दर एक-दोन वर्षांनी आणखी खाली सोडावी लागते.