प्राचीन इजिप्त : भूगोल आणि संस्कृती

इ.स.पू. ३१०० च्या सुमारास एकछत्री झालेले प्राचीन इजिप्त नाईलच्या वार्षिक पुरावर जगले. देशात पाऊस जवळजवळ नाहीच. पूर यायचा तो दूर दक्षिणेला, इथिओपियाच्या पठारावर जून ते सप्टेंबरात कोसळणाऱ्या पावसाचा. निळी नाईल आणि अटबारा या नद्या ते पाणी गाळासकट खाली आणत. या गाळावरून लोक देशाला ‘केमेत’ म्हणजे काळी भूमी म्हणत. भोवतालचे वाळवंट ते ‘देश्रेत’, तांबडी भूमी. (‘काळी’ची किंमत मराठी शेतकऱ्याला वेगळी सांगायला नको.)

वर्षाचे तीन ऋतूही नदीनेच पाडलेले : ‘अखेत’ पुराचा, ‘पेरेत’ उगवणीचा, ‘शेमू’ सुगीचा. प्रत्येकी चार महिने, महिन्याचे ३० दिवस आणि वर्षाअखेरीस वरचे ५. व्याधाचा तारा पहाटे पुन्हा दिसू लागला की पूर जवळ आला. मात्र ३६५ दिवसांच्या या पंचांगात लीप वर्ष नव्हते, त्यामुळे ते दर चार वर्षांनी एक दिवस सरकत गेले आणि काही शतकांनी ‘पुराच्या’ महिन्यांत पूरच नसे.

बांध घालून अडवलेले पाणी शेतात मुरू द्यायचे, ते ओसरले की ओल्या गाळात पेरायचे. आपल्याकडे धरणाच्या काठाने करतात त्या गाळपेरीसारखेच हे. फक्त इथे सारा देश गाळपेरीवर. पिके खपली गहू, जव आणि कापडासाठी जवस. पूर येणार हे ठरलेले, किती येणार हे नाही. पाणी कमी पडले तर उपासमार, जास्त झाले तर बांध फुटून गावे पाण्यात. म्हणून अस्वानजवळच्या एलेफंटाईन बेटावर पायऱ्यांवर खुणा कोरून पाण्याची उंची मोजत. रोमन लेखक प्लिनीच्या नोंदीप्रमाणे १२ हात पाणी म्हणजे भूक, १६ हात म्हणजे आनंद. सारा किती बसवायचा याचा अंदाजही या मापावरून येई.

नाईल उत्तरवाहिनी, तर वारा बहुधा उत्तरेकडून दक्षिणेला. जाताना शीड, येताना प्रवाह. चित्रलिपीत शीड उभारलेली नाव ‘दक्षिणेला जाणे’ दाखवते, शीड उतरवलेली ‘उत्तरेला’. अस्वानचा ग्रॅनाइट सुमारे ८०० किलोमीटरवरच्या गिझाला पोचला तो या जलमार्गाने. देशाच्या दक्षिण भागाला ‘वरचा इजिप्त’ म्हणतात त्याचे कारणही प्रवाहच; नकाशा पाहणाऱ्याचा इथे हमखास गोंधळ होतो.

दोन्हीकडची वाळवंटे तटबंदीसारखी होती, पण अभेद्य नव्हती : ईशान्येकडून आलेल्या हिक्सोस या परकीयांनी इ.स.पू. सतराव्या शतकात त्रिभुज प्रदेशावर राज्य केले. या वाळवंटांतून सोने, दगड आणि ममीसाठी लागणारा नेट्रॉन क्षार मिळे. चांगले लाकूड मात्र नव्हते. देवदार लेबनॉनच्या किनाऱ्यावरील बिब्लॉसहून येई. कोरड्या वाळूत पुरलेली प्रेते आपोआप टिकत, आणि ममी करण्याची कल्पना त्यातूनच सुचली असावी असे अनेक अभ्यासक मानतात.

१९७० मध्ये अस्वानचे उंच धरण पूर्ण झाले. पुराबरोबर येणारा गाळ आता धरणामागच्या नासर जलाशयात साचतो आणि खालचे शेतकरी रासायनिक खते घालतात.