बेसबॉलची परंपरा : काय जपलं, कोणाला वगळलं

२०२३च्या मोसमात अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉल या सर्वोच्च स्पर्धेत पिचरसाठी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यासाठी, घड्याळ आलं. त्या मोसमात नियम असा होता : बेसवर (धाव पूर्ण करताना गाठायच्या टप्प्यांवर) कोणी नसेल तर १५ सेकंदांत, असेल तर २० सेकंदांत चेंडू टाकायचा. वेळेचं बंधन नसलेला खेळ ही बेसबॉलची जुनी ओळख, त्यामुळे अनेक चाहत्यांना हा नियम खटकला. पण सरासरी सामना आदल्या वर्षीच्या ३ तास ४ मिनिटांवरून २ तास ४० मिनिटांवर आला आणि ओरड बरीचशी थांबली. परंपरेवरून होणारे बाकीचे वाद इतक्या सहज मिटलेले नाहीत.

मुळात या खेळाची जन्मकथाच ठरवून रचलेली आहे. अ‍ॅब्नर डबलडेने १८३९ साली न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउनमध्ये बेसबॉल शोधला, असं खेळाचं मूळ शोधायला नेमलेल्या मिल्स आयोगाने १९०७मध्ये जाहीर केलं. आधार होता एका वृद्ध गृहस्थाच्या आठवणीचा. डबलडे त्या वर्षी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होता! खेळाचं मूळ इंग्लंडच्या राउंडर्समध्ये आहे, असं पत्रकार हेन्री चॅडविक सांगत होते. क्रीडासाहित्याचे व्यापारी ए. जी. स्पॉल्डिंग यांना मात्र तो अस्सल अमेरिकी हवा होता. पुढे १९३९मध्ये हॉल ऑफ फेम, म्हणजे थोर खेळाडूंचं सन्मान-संग्रहालय, कूपर्सटाउनलाच उभं राहिलं.

सर्वांत मोठी परंपरा तर कुठल्याच नियमपुस्तकात नव्हती. मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू १८८४मध्ये टोलेडोकडून मेजर लीगमध्ये खेळला होता. तीन वर्षांनी, १८८७मध्ये, दुय्यम दर्जाच्या इंटरनॅशनल लीगच्या संघमालकांनी कृष्णवर्णीयांशी नवे करार न करण्याचं ठरवलं, आणि पुढची साठ वर्षं सगळ्यांनी तोच शिरस्ता पाळला. रूब फॉस्टर यांनी १९२०मध्ये कॅन्सस सिटीत कृष्णवर्णीय खेळाडूंसाठी निग्रो नॅशनल लीग स्थापन केली ती यामुळेच. १५ एप्रिल १९४७ला कृष्णवर्णीय जॅकी रॉबिन्सन मेजर लीगच्या ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि हा शिरस्ता मोडला. तरी बोस्टन रेड सॉक्सने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू खेळवायला १९५९ उजाडलं. ‘पूर्वीपासून असंच चालत आलंय’ या वाक्याने काय काय झाकता येतं, हे या बारा वर्षांत दिसतं.

मग स्पॅनिश बोलणारे खेळाडू आले. पोर्तो रिकोच्या रोबेर्तो क्लेमेंतेला बेसबॉल कार्डांवर वर्षानुवर्षं ‘बॉब’ छापलं गेलं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचे मॅनेजर अ‍ॅल्विन डार्क यांनी क्लबहाउसमध्ये स्पॅनिश बोलायला बंदी घातली होती. प्रत्येक संघाला स्पॅनिश दुभाषे ठेवणं सक्तीचं झालं ते थेट २०१६मध्ये.

अलिखित नियमांचा काच याच खेळाडूंना जास्त बसला, असं माझं ठाम मत आहे. होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) मारल्यावर आनंद दाखवायचा नाही, मोठी आघाडी असताना जोर लावायचा नाही, वगैरे. डॉमिनिकन रिपब्लिक, व्हेनेझुएला किंवा कोरियात मात्र बॅट भिरकावणं हा खेळाच्या रंगतीचाच भाग असतो. ऑक्टोबर २०१५मध्ये टोरोंटोत, टेक्सासविरुद्धच्या मालिकेच्या निर्णायक सामन्यात ३-३ अशी बरोबरी असताना डॉमिनिकन होसे बाउतिस्ताने तीन धावांचा होमरन मारला, क्षणभर चेंडूकडे रोखून पाहिलं आणि बॅट झोकात भिरकावली. पुढच्या मे महिन्यात त्याच टेक्सास संघाच्या पिचरचा चेंडू त्याच्या अंगावर आला, आणि त्या डावात मैदानात हाणामारी झाली. २०२०मध्ये फर्नांडो तातीस ज्युनियरने टेक्सासविरुद्ध सात धावांची आघाडी असताना तीन बॉल, शून्य स्ट्राइक अशा, बॅटरला सोयीच्या स्थितीत ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असतानाचा होमरन) मारला, तर त्याच्यानंतर आलेल्या बॅटरच्या पाठीमागून चेंडू फेकला गेला. या वेळी मात्र लीगने शिक्षा केली ती पिचरला आणि टेक्सासच्या मॅनेजरला.

अलीकडे काही गोष्टी बदलल्याही. क्लीव्हलँडच्या संघाने अमेरिकेच्या मूळनिवासींची थट्टा करणारं बोधचिन्ह २०१९पासून गणवेशावरून काढलं आणि २०२२पासून संघाचं नाव ‘गार्डियन्स’ केलं. निग्रो लीग्जना डिसेंबर २०२०मध्ये मेजर लीगचा दर्जा मिळाला. त्यांची आकडेवारी २०२४मध्ये अधिकृत नोंदीत आली, तेव्हा निग्रो लीग्जमधला जॉश गिब्सन फलंदाजीच्या .३७२ सरासरीने तोवर अव्वल असलेल्या टाय कॉबच्या पुढे गेला. ज्याला मेजर लीगमध्ये कधी खेळूच दिलं नाही, तो आज त्याच यादीत अव्वल आहे.

मात्र २०२२च्या वर्ल्ड सिरीजमध्ये (मेजर लीगच्या अंतिम मालिकेत) दोन्ही संघांत मिळून अमेरिकेत जन्मलेला एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. १९५०नंतर हे पहिल्यांदाच घडलं. खासगी प्रशिक्षण आणि गावोगाव फिरणारे महागडे किशोर संघ गरीब घरांना परवडत नाहीत, हे त्याचं एक मोठं कारण. लीगने २००६मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्टनला युवा अकादमी काढली, नंतर इतरही उपक्रम सुरू केले. त्याच २०२२च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू क्रमाने निवडण्याच्या प्रक्रियेत, पहिल्या पाचांपैकी चार जण कृष्णवर्णीय होते आणि चौघेही या उपक्रमांतून आलेले होते. त्यांतला तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेलेला पिचर म्हणजे कुमार रॉकर. त्याची आई भारतीय वंशाची आहे.