गेगेनप्रेसिंग

फुटबॉलमध्ये बॉल हातचा गेला की मागे पळत न सुटता तिथल्या तिथे, पुढच्या चार-पाच सेकंदांत तो परत हिसकावायचा, याला गेगेनप्रेसिंग म्हणतात. शब्द जर्मन आहे, 'गेगेन' म्हणजे विरुद्ध, आणि हा विरोध समोरच्या टीमच्या काउंटर अटॅकला (बॉल मिळताच केलेल्या झटपट उलट हल्ल्याला). हाय प्रेस, म्हणजे समोरच्या टीमवर तिच्याच गोलजवळ दबाव टाकणं, आणि हे एकच असं सर्रास बोललं जातं, पण हाय प्रेस समोरचा गोलकीपर निवांत बॉल खेळायला घेतो तेव्हाही लावता येतो, गेगेनप्रेसिंग मात्र आपण बॉल घालवला त्या क्षणीच सुरू होतं.

उगमाबद्दल एकमत नाही. बरेच जण डच कोच रिनस मिशेल्सच्या आयॅक्स या क्लबकडे आणि १९७४ च्या डच टीमकडे बोट दाखवतात, त्या वर्ल्डकपमधली उरुग्वेविरुद्धची मॅच पाहिली तर एकट्या बॉलवाल्यावर नारिंगी शर्टांचा घोळकाच तुटून पडताना दिसतो. दुसरं मत कोच व्हिक्टर मास्लोव्हच्या डायनॅमो कीवचं (१९६४ ते १९७०), त्यांनी १९६६ ते ६८ सलग तीनदा सोव्हिएत लीग जिंकली. जर्मनीपुरतं बोलायचं तर कीवचा धागा जास्त पक्का वाटतो, कारण पुढे जर्मनीत नावाजलेला कोच राल्फ रांगनिक व्हिक्टोरिया बाकनांग या छोट्या क्लबचा खेळाडू-कोच असताना कोच व्हॅलेरी लोबानोव्हस्कीच्या कीवशी फ्रेंडली खेळला (साल कुठे १९८३, कुठे १९८४ दिलेलं आढळतं) आणि खेळता खेळता त्याने समोरचे खेळाडू मोजले, कारण ते अकराच आहेत यावर त्याचा विश्वासच बसेना. पुढे जर्मन कोच हेल्मुट ग्रोस आणि तो इटालियन कोच आरिगो साक्कीच्या मिलानच्या व्हिडिओ टेप घासून घासून बघायचे. युर्गेन क्लॉपकडे हीच साक्कीची विद्या माइन्झचे कोच वोल्फगांग फ्रांक यांच्याकडून आली, आणि त्याच्या डॉर्टमुंडने २०११ आणि २०१२ ला बुंडेसलिगा ही जर्मन लीग जिंकल्यावर हा शब्द जगभर झाला.

खेळाडूंच्या कामात सगळ्यात नीट समजून घ्यायचा तो सेंटर फॉरवर्ड, म्हणजे सगळ्यात पुढचा खेळाडू. तो बॉलकडे सरळ धावत नाही, वळण घेऊन धावतो, म्हणजे मधला पास त्याच्या पाठीमागे झाकला जातो आणि समोरच्याला साइडलाइनकडेच जावं लागतं, आणि साइडलाइन म्हणजे फुकटचा डिफेंडर. क्लॉपच्याच लिव्हरपूलचा रॉबेर्तो फिर्मिनो यात फारच तरबेज होता. पण तो एकटा धावून काहीच उपयोग नाही, मागून मिडफिल्ड वर आलं नाही तर एका पासमध्ये सगळं मोकळं होतं, त्यामुळे मिडफिल्डर जवळचे पर्याय बंद करतात, बॅकलाइन, म्हणजे डिफेंडरांची रांग, सेंटरलाइनपर्यंत चढते आणि गोलकीपर बॉक्सबाहेर येऊन उभा राहतो. समोरच्याचा पहिला टच लांब गेला, किंवा तो आपल्याच गोलकडे तोंड करून बॉल घेतोय, की तुटून पडायचं.

७ मे २०१९, अ‍ॅनफिल्ड, लिव्हरपूल-बार्सिलोना, चॅम्पियन्स लीग सेमीफायनलची दुसरी लेग (मॅच). ५४ व्या मिनिटाला उजव्या बाजूला लिव्हरपूलच्या ट्रेंट अलेक्झांडर-आर्नोल्डकडून बॉल बार्सिलोनाच्या जॉर्डी अल्बाकडे गेला, ट्रेंट मागे फिरलाच नाही, लगेच घुसून बॉल परत काढला आणि क्रॉस टाकला, विनाल्डमने गोल केला. दोन मिनिटांत त्याचाच दुसरा. पहिल्या लेगमध्ये ०-३ हरलेली टीम ४-० ने जिंकली.

धोका बॅकलाइनच्या मागे असतो. पुढचा प्रेस अर्धा सेकंद उशिरा पोचला तरी मागे अर्धं मैदान उघडं पडतं. ४ ऑक्टोबर २०२० ला अ‍ॅस्टन व्हिलाने लिव्हरपूलला ७-२ हरवलं ते बरंचसं याच जागेतून.

आपल्याकडे स्पॅनिश कोच सर्जिओ लोबेराच्या एफसी गोवाने २०१७ पासून पासिंगच्या जोडीला बॉल पुढेच परत मिळवायचा खेळ केला. २०१९-२० ला ते आयएसएलच्या (इंडियन सुपर लीगच्या) लीग टेबलमध्ये पहिले आले, लोबेरा मात्र सीझन संपायच्या आधीच क्लबमधून बाहेर पडला होता, पुढच्या सीझनला तो मुंबई सिटीत आला आणि त्यांनी शील्ड (टेबलमध्ये पहिलं येण्याची) आणि ट्रॉफी (फायनल जिंकण्याची) दोन्ही घेतल्या.