मूळ फुगायचं की नाही, हे केव्हा ठरतं?

'कंदमुळं' हा शब्द आपण एका दमात उच्चारतो, पण बागेत कंद आणि मूळ वेगळे ओळखता आले पाहिजेत. बटाटा म्हणजे जमिनीखाली फुगलेलं खोड. त्याच्यावरचे डोळे या खोडावरच्या कळ्याच. सुरण आणि अळकुडी हीसुद्धा खोडंच. रताळं मात्र खरंखुरं मूळ. हातात घेऊन नीट पाहिलं तर त्यावर बटाट्यासारखे डोळे सापडत नाहीत, बारीक तंतुमुळांच्या खुणा तेवढ्या उभ्या ओळींत दिसतात.

या फरकावरून लागवडीची रीत बदलते. बटाटे लावलेल्या तुकड्याच्या वरच्या बाजूला धरतात, म्हणून त्याला मातीची भर लावत राहावं लागतं. उघड्या पडलेल्या बटाट्यावर ऊन आलं की तो हिरवा होतो आणि त्यात सोलानिनसारखी विषारी द्रव्यं वाढतात. रताळ्याचे तुकडे करून कोणी लावत नाही, लावतात ते वेलाचे शेंडे. वीतभर किंवा थोडा जास्त लांब तुकडा घ्यायचा, त्याची दोन-तीन पेरं मातीत जातील असा तिरका खोचायचा. रताळी याच पेरांतून फुटलेल्या मुळांवर धरतात.

खरी गंमत इथून पुढे. पेरातून सुटलेली सगळी मुळं सुरुवातीला सारखीच दिसतात. मग लावणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. काही मुळांच्या आत, पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांभोवती, विभाजन पावणाऱ्या पेशींची नवी वर्तुळं तयार होतात. त्यांतून मऊ पेशींचे थर वाढत जातात आणि पानांतून आलेली साखर तिथे पिष्ट होऊन साठते. हे झालं रताळं. दुसऱ्या काही मुळांचा गाभा मात्र लवकर लाकडासारखा कडक होतो. एकदा असं झालं की पुढे कितीही खतपाणी घाला, ते मूळ पेन्सिलीएवढंच राहतं. माती घट्ट असेल, पाणी साचून मुळांना हवा मिळत नसेल किंवा लावणी होताच पाण्याचा ताण पडला, तर कडक होणाऱ्या मुळांची संख्या वाढते. म्हणून या पिकात काढणीच्या आधीच्या महिन्यापेक्षा लावणीनंतरचा महिना जपायला हवा. अनेक जण नेमकं उलट करतात.

मीही केलं होतं. पहिल्या वर्षी वाफ्यात हौसेनं भरपूर शेणखत ओतलं, वर युरियाचं पाणी. वेल असा माजला की शेजारचे दोन वाफे त्यानं गिळले. चार महिन्यांनी खणलं तर खाली सुतळीसारखी मुळं आणि अंगठ्याएवढी तीन रताळी! नत्र जास्त झालं की झाड पानं आणि वेल वाढवण्यातच गुंतून राहतं, साठवणीकडे माल वळत नाही. त्या मानानं पालाश या पिकाला मानवतं, म्हणून थोडी लाकडाची राख चालते. पण हे सगळं दुय्यम. आधी माती हातभर खोल भुसभुशीत करा आणि वाफा वीतभर उंच घ्या, म्हणजे पाणी निथळेल. कुंडीत लावायचं तर पसरट नको, खोल घ्या. पसरलेला वेल पेरापेरांतून पुन्हा जमिनीत मुळं सोडतो, तो अधूनमधून उचलून ठेवावा.

रताळं आंब्यासारखं पिकत नाही. जमीन उबदार असेल तोवर ते फुगतच राहतं. बहुतेक वाण 3 ते 5 महिन्यांत काढणीला येतात. कडेची माती हातानं बाजूला करून एखादं चाचपून पाहणं हीच भरवशाची परीक्षा. फार थांबलात तर सोंड्या भुंगा वाट पाहतच असतो. भेगाळलेल्या मातीतून तो रताळ्यापर्यंत पोचतो. त्यानं पोखरलेला भाग कडू लागतो, कारण इजा झालेलं मूळ बचावासाठी कडवट रसायनं तयार करतं. तो कडूपणा शिजवूनही जात नाही.

खणताना साल सहज सोलवटते आणि जखमेतून पांढरा चीक येतो. ही रताळी धुऊ नका. साधारण 30 अंश सेल्सिअस तापमान आणि 85 ते 90 टक्के आर्द्रता असलेल्या सावलीच्या जागी 4 ते 7 दिवस ठेवले, तर जखमेखाली बुचासारखा नवा थर धरतो आणि रताळी काही महिने टिकतात. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नये. साधारण 10 अंशांखाली पेशींना इजा होते, आणि मग तासभर शिजवलं तरी मधला गाभा कडकच राहतो.

एक निरोगी रताळं पुढच्या लावणीसाठी बाजूला काढा. ओलसर वाळूत अर्धं पुरलं की त्याला कोंब येतात, बहुतेक सगळे एकाच टोकाला: जे टोक वेलाला जोडलेलं होतं त्या. हे कोंब वीतभर झाले की मुळासकट ओढू नका. मातीच्या वर दोन बोटं सोडून कात्रीनं कापा, म्हणजे जुन्या रताळ्यातला रोग नव्या वाफ्यात जायची शक्यता कमी होते.