मोटारींचे मॉडेल किट : जुळणी आणि संग्रह

खऱ्या मोटारीची ठरावीक प्रमाणात लहान केलेली, सुट्या भागांच्या रूपात विकली जाणारी आणि घेणाऱ्याने स्वतः जुळवून, रंगवून पुरी करायची प्रतिकृती म्हणजे मोटारीचे मॉडेल किट. चौकटीसारख्या दांड्यांना जोडलेले प्लास्टिकचे शे-सव्वाशे भाग, रबरी किंवा व्हिनाइलचे टायर, पारदर्शक काचा, क्रोमचा मुलामा दिलेले बंपर, पाण्यात भिजवून चिकटवायची डिकाल म्हणजे छापील चित्रे व अक्षरे, आणि सूचनापत्रक एवढा ऐवज साधारणतः एका खोक्यात असतो. मॅचबॉक्स किंवा हॉट व्हील्स यांसारख्या ओतीव धातूच्या तयार मोटारी जमवण्याचा छंद याच्या शेजारचा असला, तरी वेगळा आहे. किटच्या छंदात जुळणी आणि संग्रह अशी दोन अंगे असून ती एकाच माणसात क्वचितच समतोल राहतात. बहुतेकांच्या कपाटात बांधलेल्या मोटारींपेक्षा न उघडलेली खोकी जास्त असतात.

या छंदाचा उगम खेळण्यांच्या धंद्यापेक्षा मोटारींच्या विक्रीत शोधावा लागतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी मोटार कंपन्या दरवर्षी गाडीचे रूप बदलू लागल्या आणि नवे रूप गिऱ्हाइकाच्या मनात ठसवण्यासाठी विक्रेत्यांच्या हाती देण्याजोगी छोटी प्रतिकृती त्यांना हवी होती. १९४८ मध्ये डेट्रॉइट परिसरात वेस्ट गॅलॉगली या वकिलाने स्थापन केलेल्या एएमटी या कंपनीने ही गरज ओळखली. तिचे पूर्ण नाव ‘अ‍ॅल्युमिनियम मॉडेल टॉइज’ असे होते. धातू लवकरच मागे पडून प्लास्टिक आले, पण आद्याक्षरे टिकली. फोर्डच्या विक्रेत्यांकडे मिळणाऱ्या या तयार प्रतिकृतींना ‘प्रोमो’ म्हणत. सुरुवातीच्या प्रोमो अ‍ॅसिटेट जातीच्या प्लास्टिकच्या असल्यामुळे काही वर्षांत वाकड्या होत. न वाकलेली प्रोमो आज म्हणूनच दुर्मीळ आहे. जो-हॅन ही डेट्रॉइटचीच दुसरी कंपनी याच व्यवसायात होती. ब्रिटनमध्येही असेच घडले. पुढे विमानांच्या किटसाठी घरोघरी पोचलेल्या एअरफिक्सने १९४० च्या दशकाच्या अखेरीस फर्ग्युसन ट्रॅक्टरची प्रतिकृती काढली, ती त्या ट्रॅक्टरच्या विक्री प्रतिनिधींसाठी.

पश्चिम किनाऱ्यावर कॅलिफोर्नियात रेव्हेल कंपनीने १९५० च्या दशकाच्या आरंभी ‘हायवे पायोनियर्स’ ही १:३२ प्रमाणातील जुन्यापुराण्या मोटारींची मालिका काढली. तीत सुटे भाग घरी जुळवायचे असत आणि मोटारींची प्लास्टिक किट मोठ्या संख्येने खपू शकतात हे तिने दाखवून दिले. परंतु छंदाला त्याचा खरा चेहरा मिळाला तो १९५८ मध्ये. त्या वर्षी एएमटीने प्रोमोसाठी तयार केलेल्या साच्यांतच थोडी भर घालून ‘थ्री-इन-वन’ किटे बाजारात आणली : एकाच खोक्यातील भागांतून मोटार कारखान्यातून निघते तशी, हौसेने बदललेली किंवा शर्यतीची अशी तीनपैकी कोणतीही बांधता येई. दरवर्षी नवी मोटार आली की तिचे किटही येई, म्हणून त्यांना ‘अ‍ॅन्युअल’ हे नाव पडले. साच्याचा मोठा खर्च मोटार कंपनीच्या जाहिरातीतून निघालेला असल्यामुळे किट शाळकरी मुलाला खाऊच्या पैशांतून घेता येण्याइतके स्वस्त राहिले. एएमटीतून बाहेर पडलेल्या जॉर्ज टोटेफ यांनी १९६३ च्या सुमारास एमपीसी ही प्रतिस्पर्धी कंपनी काढली, तर शिकागोजवळची मोनोग्राम कंपनी १:२४ आणि १:८ अशा प्रमाणांत ‘हॉट रॉड’ जातीच्या, म्हणजे जुन्या गाडीत दमदार इंजिन बसवून बदललेल्या मोटारी काढू लागली. या दशकात खऱ्या गाड्या घडवणारे कारागीरच किटचे रचनाकार झाले. एड रॉथ आणि जॉर्ज बॅरिस यांची नावे खोक्यांवर मोटारीच्या नावाइतकीच ठळक छापली जात.

जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने चालवलेल्या स्पर्धेचा येथे उल्लेख करायला हवा, जरी तिचा किटशी थेट संबंध नाही. १९३० मध्ये सुरू झालेल्या या स्पर्धेत मुलांनी आरंभी नेपोलियनकालीन शाही बग्गीची प्रतिकृती घडवायची असे. १९३७ पासून स्वतः कल्पिलेल्या मोटारीचे १:१२ प्रमाणातील मॉडेल चालू लागले. महाविद्यालयीन शिष्यवृत्ती हे बक्षीस असे आणि १९६८ मध्ये स्पर्धा बंद होईपर्यंत तिच्यातून आलेली कित्येक मुले मोटारींच्या आरेखन विभागांत नोकरीला लागली होती. मोटार उद्योगाला लहान मॉडेल हे पोरखेळ वाटत नव्हते, याचा याहून चांगला पुरावा नाही.

जपानमध्ये हा छंद वेगळ्या वाटेने वाढला. तेथील मॉडेल उद्योग शिझुओका शहरात आणि त्याच्या परिसरात एकवटला असून तामिया, हासेगावा, आओशिमा आणि फुजिमी या चारही प्रमुख कंपन्या तेथल्याच आहेत. लाकूडकामाची जुनी परंपरा असलेल्या या भागात आधी लाकडी मॉडेले बनत. तामिया ही मुळात १९४६ मध्ये सुरू झालेली लाकडाची वखार होती. १९५१ च्या आगीत वखार जळाल्यावर कंपनीने मॉडेलांवरच सारा भर दिला आणि १९६० मध्ये प्लास्टिककडे मोर्चा वळवला. १९६७ मध्ये तिने होंडाच्या आरए२७३ या फॉर्म्युला वन मोटारीचे १:१२ प्रमाणातील किट काढले, तेव्हापासून तिच्या किटच्या अचूक जुळणीची ख्याती पसरली. १९७० च्या दशकात पोर्शे ९३४ चे किट तयार करताना तामियाच्या संस्थापकांचे पुत्र शुन्साकु तामिया यांनी एक खरी पोर्शे ९११ विकत घेऊन तिचा भाग न् भाग सुटा करवला होता. मात्र या काळातील अनेक जपानी किटांत मोटर आणि बॅटरी बसवण्याची सोय असे, त्यामुळे इंजिनाची जागाच उरत नसे. बॉनेट न उघडणारी, इंजिनविरहित मोटार ही जपानी प्रथा तिथूनच रुजली. अमेरिकी छंदकारांनी तिला ‘कर्बसाइड’ हे नाव दिले. रस्त्याकडेला उभी असलेली गाडी जितकी दिसते तितकीच घडवलेली, असा त्याचा आशय. युरोपात इटलीच्या पोचर कंपनीने याच्या उलट टोक गाठले. तिच्या १:८ प्रमाणातील रोल्स-रॉइसमध्ये दोन हजारांहून अधिक भाग होते, त्यांत धातूचे भाग आणि मळसूत्रे भरपूर, आणि चाकाच्या तारा एकेक करून ओवाव्या लागत.

प्रमाण हा छंदातील सततच्या वादाचा विषय आहे. सर्वाधिक प्रचलित प्रमाणे दोन : १:२४ आणि १:२५. पहिले ‘एका फुटाला अर्धा इंच’ या हिशेबातून आले, दुसरे अमेरिकी प्रोमोंबरोबर रूढ झाले. साडेचार मीटर लांबीची मोटार १:२४ मध्ये सुमारे १८८ मिलिमीटर, तर १:२५ मध्ये १८० मिलिमीटर भरते. फरक आठ मिलिमीटरांचा असला तरी फळीवर शेजारी ठेवल्यावर तो डोळ्यांना खुपतो, आणि एका प्रमाणाची चाके दुसऱ्याला बसत नाहीत. १:४३ हे प्रमाण ब्रिटिश खेळण्यातील आगगाड्यांच्या ‘ओ’ गेज या मापावरून आले असून ते मुख्यतः तयार मोटारींचे व रेझिनच्या किटचे आहे. तामियाच्या फॉर्म्युला वन मोटारींचे १:२० हे आणखी एक स्वतंत्र घराणे आहे.

जुळणीतील कौशल्याची कसोटी रंगकामात लागते. रणगाड्याच्या मॉडेलावर चिखल आणि गंज दाखवून चुका झाकता येतात. मोटारीचा पत्रा आरशासारखा चकचकीत असावा लागतो आणि त्यावर धुळीचा कणही लपत नाही. भाग दांड्यापासून कापून घेतल्यावर साच्याच्या दोन अर्धुकांमध्ये उमटलेली रेघ कानस आणि पॉलिश पेपरने घासून काढतात, प्लास्टिक थंड होताना पडलेले खळगे लांबी (पुट्टी) भरून सपाट करतात. मग अस्तर, रंगाचे दोन-तीन पातळ हात, डिकाल आणि शेवटी पारदर्शक लॅकर असा क्रम असतो. लॅकर पुरता वाळल्यावर दोन हजार किंवा त्याहून बारीक क्रमांकाच्या कागदाने पाण्याखाली घासून पॉलिश करतात. ‘पातळ’ या शब्दावर एवढा भर का, हे हिशेबाने कळते : मॉडेलावर चढलेला एक दशांश मिलिमीटरचा थर १:२४ प्रमाणात खऱ्या गाडीवरील २.४ मिलिमीटर जाडीच्या रंगाएवढा होतो. दाराभोवतीची खरी चार मिलिमीटरची फट मॉडेलात जेमतेम ०.१७ मिलिमीटर उरते, तेव्हा रंग जाड बसला की दाराची रेघच बुजते. म्हणून रंगवण्यापूर्वी या रेषा टोकदार हत्याराने खोल करून घेण्याची आणि नंतर त्यांत पातळ काळा रंग सोडण्याची पद्धत आहे. धातूच्या चकाकीच्या रंगातील कणही लहान असावे लागतात, नाहीतर मोटारीवर अभ्रकाचा चुरा उधळल्यासारखा दिसतो. काचेच्या कडेच्या क्रोमच्या पट्ट्यांसाठी चिकट पाठीचा अतिपातळ धातूचा वर्ख मिळतो. तो घासून बसवून धारदार पात्याने कडेने कापतात. हे काम करताना श्वास रोखून धरावा लागतो, आणि हात थरथरला तर पाते थेट रंगात उतरते.

किटचे प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन, ते जोडणारा गोंद हा वस्तुतः द्रावक असतो. तो दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतो. अमेरिकेत १९६० च्या दशकात मुले या गोंदाची वाफ नशेसाठी हुंगू लागली, तेव्हा टेस्टर्स या उत्पादकाने दशकाच्या शेवटी त्यात मोहरीला झणझणीतपणा देणारे द्रव्य मिसळून हुंगणे असह्य केले. मोठ्या माणसांनाही रंग व गोंद वापरताना वायुवीजनाची आणि मास्कची गरज असते, हे अनेकजण उशिरा शिकतात.

संग्रहाच्या अंगाने पाहता किटची किंमत ठरवणारी गोष्ट म्हणजे पोलादी साचा. साचा तयार करणे महाग, पण तो दशकानुदशके टिकतो. त्यामुळे कंपन्या बुडाल्या, विकल्या गेल्या तरी साचे हातोहात फिरत राहिले. एएमटी १९७८ मध्ये ब्रिटनच्या लेस्नीकडे आणि १९८३ मध्ये अर्टलकडे गेली. तिचे साचे आज राउंड २ या कंपनीकडे आहेत. रेव्हेल आणि मोनोग्राम १९८६ मध्ये एकत्र आल्या, २००७ मध्ये हॉबिको या अमेरिकी कंपनीने त्यांना घेतले आणि २०१८ मध्ये हॉबिकोच दिवाळखोरीत गेल्यावर रेव्हेल एका जर्मन गुंतवणूक संस्थेच्या हाती आली. एकच किट पाच निरनिराळ्या खोक्यांत, पाच नावांनी आलेले असू शकते, आणि कोणत्या खोक्यात नेमके काय आहे हे सांगू शकणारा माणूस या वर्तुळात पंडित समजला जातो. त्यातली मेख अशी की अ‍ॅन्युअल किटचा साचा पुढच्या वर्षीच्या मोटारीसाठी किंवा शर्यतीच्या आवृत्तीसाठी कापून बदलला जाई. तसे झाले की मूळ मोटार पुन्हा छापता येत नाही आणि तिची जुनी, न बांधलेली प्रत महाग होते. साचा शाबूत असला आणि कंपनीने पुनर्मुद्रण काढले, तर त्याच प्रतीचा भाव एका रात्रीत घसरतो. न उघडलेल्या खोक्याला मान असला तरी आतली खात्री देता येत नाही : जुन्या टायरमधील प्लास्टिक मऊ करणारे द्रव्य बाहेर झिरपून शेजारच्या भागांना खाऊन टाकते आणि डिकाल पिवळी पडतात. पूर्वी एखाद्या पोराने गोंद थापून बांधलेली मोटार स्वस्तात घेऊन, ती सोडवून नव्याने उभी करणे ही संग्रहाचीच एक कष्टाळू शाखा आहे.

१९७३ च्या तेलसंकटानंतर मोटारींचे वार्षिक रूपबदल ओसरले, मुलांचे लक्ष अन्यत्र गेले आणि अ‍ॅन्युअलची प्रथा हळूहळू संपली. पुढे आर्थिक नातेही उलटे झाले. ज्या मोटार कंपन्या प्रतिकृतींसाठी एकेकाळी पैसे मोजत होत्या, त्याच आता आपले नाव आणि रूप वापरू देण्याबद्दल किट उत्पादकांकडून परवाना शुल्क घेतात. आजचे किट महाग असण्यामागे हेही एक कारण आहे, आणि जाहिरात फुकट होत असताना शुल्क मागण्यात फारसे शहाणपण दिसत नाही. दुसरीकडे अम्लाने कोरलेले धातूचे बारीक भाग, रेझिनचे ओतीव सुटे सांगाडे आणि अलीकडे त्रिमितीय छपाई यांमुळे छंदकाराला उत्पादकावर पूर्वीइतके अवलंबून राहावे लागत नाही.

प्रदर्शनांच्या दोन परंपरा आहेत. १९६३ मध्ये ब्रिटनमध्ये स्थापन झालेल्या आयपीएमएस या छंदकारांच्या संस्थेच्या शाखा अनेक देशांत असून तिच्या स्पर्धांत परीक्षक सांधे, समरेषा आणि रंग बारकाईने तपासतात. मोटारवाल्यांचा एनएनएल हा ओहायोतील टोलेडो येथून पसरलेला मेळा मुद्दाम याच्या विरुद्ध आहे : तेथे परीक्षण दुय्यम, मॉडेले टेबलांवर मांडून गप्पा मारणे मुख्य. शिझुओकाला दर मे महिन्यात भरणाऱ्या हॉबी शोमध्ये कंपन्यांची नवी किटे आणि छंदकारांची मॉडेले एकाच छताखाली पाहायला मिळतात.

भारतात हा छंद मुख्यतः आयात मालावर चालतो. सीमाशुल्काच्या वर्गवारीत ही किटे खेळण्यांच्याच शीर्षकाखाली येतात. त्यावरील मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले, त्यामुळे मुंबई-पुण्याच्या छंदकाराला खोक्यावरच्या जपानी किमतीशी मेळ बसवणे कठीण जाते. मुंबई आणि कोकणातील पावसाळा ही दुसरी अडचण. दमट हवेत लॅकर फवारले की वाळताना त्यावर पांढुरकी झाक येते, म्हणून अनेकजण जून ते सप्टेंबरमध्ये फक्त कापणे-घासणे करतात आणि फवारणी दसऱ्यानंतरवर ढकलतात. मोटारींच्या रंगांच्या दुकानात मिळणारे एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर हत्यारे धुवायला स्वस्त पडते, परंतु उघड्या पॉलिस्टायरीनला ते विरघळवते.

भारतीय रस्त्यांवरील मोटारींची किटे जवळजवळ नाहीत, त्यामुळे त्या हव्या असतील तर जवळचे परदेशी किट कापून बदलावे लागते. मारुती जिप्सीचे उदाहरण बोलके आहे. हासेगावाने तिच्याच पिढीतील सुझुकी जिम्नी जेए७१ हे १:२४ प्रमाणातील किट काढले आहे; पण जिम्नीच्या पुढच्या-मागच्या आसांमधील अंतर २,०३० मिलिमीटर, तर जिप्सीचे २,३७५ मिलिमीटर आहे. म्हणजे मॉडेलाचा सांगाडा आणि बॉडी दाराच्या मागे कापून मध्ये सुमारे १४.४ मिलिमीटरची प्लास्टिकची पट्टी भरावी लागते, रुंदीही किंचित वाढवावी लागते आणि ताडपत्रीचे छत, मागची बाके व टपावरचे सामान स्वतः घडवावे लागते.